न बोलणाऱ्या मुलाची गुणपत्रिका

(चेन्नईतल्या वेलचेरी इथे शिक्षण-नोकरीसाठी राहणाऱ्या मराठी मुलामुलींच्या वाचनबैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्यासाठी मी निवडलेलं पुस्तक आत्मकथन नाही, आपल्या चळवळीतलंही नाही. अमेरिकेत आठवी-दहावीच्या वयाच्या मुलांसाठी लिहिलेली ही छोटी कादंबरी आहे. टेरी ट्रूमन यांची 'स्टक इन न्यूट्रल'. २००० साली आली, पुढच्या वर्षी तिला तिथल्या ग्रंथपालांचा प्रिंट्झ सन्मान मिळाला. इंग्रजी इतकं सोपं आहे की वेलचेरी स्टेशनात बसून बीचपर्यंत जाऊन परत येईपर्यंत निम्मी वाचून होईल. गाडी सुरू आहे, इंजिन धडधडतंय, पण गिअर न्यूट्रलमध्ये अडकलाय, म्हणून ती जागची हलत नाही. नावाचा अर्थ हा.

गाडी म्हणजे शॉन मॅकडॅनियल. सिएटल शहरातला चौदा वर्षांचा मुलगा. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या आसपास मेंदूला इजा झाली की स्नायूंवरचा ताबा कमीजास्त प्रमाणात जातो, त्या अवस्थेचं हे नाव. शॉनचा ताबा पूर्ण गेलेला आहे. बोट हलवता येत नाही, नजर ठरवून कुठे नेता येत नाही, मान धरत नाही, तोंडातून लाळ गळते, दिवसात कित्येकदा झटके येतात. डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्या हिशेबाने त्याची समज तान्ह्या बाळाएवढी. आणि कादंबरी सांगतो तो स्वतः. विनोदी आहे, थोडा चावट आहे, आईवर, बहिणीवर, भावावर त्याचा जीव आहे. वडील घर सोडून गेलेले. ते कवी आहेत, याच मुलावर कविता लिहून त्यांनी मोठं पारितोषिक मिळवलंय. त्यांना हळूहळू वाटू लागतं की आपल्या पोराच्या आयुष्यात वेदनेशिवाय काही नाही. स्वतःच्या अपंग बाळाला मारून तुरुंगात गेलेल्या एका माणसाची ते मुलाखत घेतात. शॉन सगळं ऐकत असतो. बाप आपल्याला मारणार आहे, आणि तेही प्रेमापोटी, हे त्याला उमगतं. 'बाबा, मी मजेत आहे,' एवढं सांगता आलं तर प्रश्न मिटेल. तेवढंच सांगता येत नाही. पुस्तक संपतं तेव्हा बाप आणि मुलगा एका खोलीत आहेत. पुढे काय झालं, ते लेखक सांगत नाही.

हे कुणाच्या डोक्यातून निघालेलं भयनाट्य वाटत असेल तर दोन गोष्टी. एक, ट्रूमन यांच्या स्वतःच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. दोन, कादंबरीच्या सात वर्षं आधी, १९९३ मध्ये, कॅनडात रॉबर्ट लॅटिमर नावाच्या शेतकऱ्याने आपल्या बारा वर्षांच्या मुलीला, ट्रेसीला, ट्रकमध्ये बसवून धुराच्या नळीने मारलं. तिलाही सेरेब्रल पाल्सी होती. बापाच्या बाजूने देशभर सहानुभूती उसळली. २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची जन्मठेप कायम ठेवली. अपंगांच्या संघटनांनी तेव्हा विचारलेला प्रश्न साधा होता. धडधाकट मुलीला बापाने मारलं असतं तर तुम्हाला बापाची दया आली असती का?

आता माझी तक्रार. पुस्तक आवडलंय, तरी आहे.

ट्रूमन शॉनला एक देणगी देतात. कानावर पडलेलं काहीही तो विसरत नाही. टीव्हीवरची जाहिरात, बहिणीचं पाठांतर, दोन वर्षांपूर्वीची फोनवरची बोलणी, सगळं जसंच्या तसं. जगाला तो मातीचा गोळा वाटतो आणि आत बसलाय एक विलक्षण बुद्धिमान मुलगा. वाचकाचा जीव तुटतो तो नेमका इथे. अरेरे, एवढी हुशारी, आणि कुणाला पत्ताही नाही! दहा वर्षांनी, २०१० मध्ये, शॅरन ड्रेपर या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेची 'आउट ऑफ माय माइंड' आली, खूप गाजली, नंतर सिनेमाही निघाला. त्यातली मेलडी अकरा वर्षांची, तिलाही सेरेब्रल पाल्सी, बोलता येत नाही. आणि स्मरणशक्ती? छायाचित्रासारखी. यंत्राच्या मदतीने ती बोलू लागते आणि शाळेच्या प्रश्नमंजुषेच्या संघात जाते. ड्रेपर यांची लेखणी ट्रूमनपेक्षा मला जास्त भावते, शाळेतली मुलं कशी वागतात ते त्यांनी फार बारकाईने दाखवलंय. पण डाव तोच. मुलाच्या हातात आधी गुणपत्रिका द्यायची आणि मग वाचकाला विचारायचं, याला जगू द्यावं की नाही?

समजा शॉनच्या आत हुशार मुलगा नसताच. डॉक्टर म्हणतात तेवढीच समज असती. ऊन अंगावर आलं की बरं वाटतं, आईचा आवाज आला की हसू फुटतं, भूक लागली की रडू येतं, एवढंच. मग बापाची उशी चालली असती का? कादंबरी हा प्रश्न विचारत नाही. विचारला असता तर ती विकली गेली नसती, असं मला वाटतं.

इथे बसलेल्या आपल्यापैकी बहुतेकजण घरातले पहिले पदवीधर आहेत. आपल्याला गुणपत्रिकेचं मोल कुणी शिकवायला नको. आपल्या घरात ती पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, जातीच्या दाखल्याच्या खाली ठेवलेली असते. दहावीला पंच्याऐंशी टक्के पडले की वस्तीच्या तोंडावर फ्लेक्स लागतो, वर बाबासाहेब, खाली आपला फोटो. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' यातल्या पहिल्या शब्दावर आपलं अख्खं आयुष्य उभं आहे, आणि त्याबद्दल मला कसलाही संकोच नाही. पण त्या फ्लेक्सच्या मागच्या घरात टॉपरचा एखादा भाऊ किंवा बहीण गोधडीवर पडून असेल, जो कधीच पहिलीही पास होणार नाही, तर तो आपल्या या गोष्टीत कुठे बसतो?

हे मी जपून बोलते आहे, कारण पुढचं वाक्य दुखणारं आहे. रोहित वेमुला, पायल तडवी, दर्शन सोळंकी. यांच्या मृत्यूनंतर आपण काय काय बोललो ते आठवा. रोहितला प्रवेश खुल्या गुणवत्तेवर मिळाला होता, हे आपण पुन्हा पुन्हा सांगितलं. पायल डॉक्टर होती, आदिवासी समाजातून किती कष्टाने आली होती. दर्शन आयआयटीपर्यंत पोचला होता. सगळं खरं आहे, आणि सांगावं लागलं, कारण समोरून 'कोट्यातले' असा टोमणा येत होता. पण सवर्ण समाजाने घातलेली अट आपण त्या घाईत मान्य करून टाकतो. आमचा माणूस हुशार होता, म्हणून त्याचं मरण मोठं. नापास झालेल्या पोराच्या मरणाला मग काय म्हणायचं? शॉनला जगवण्यासाठी ट्रूमन त्याला जे देतात, तेच आपण आपल्या मृतांना देत असतो.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत केलेलं भाषण इथल्या प्रत्येकाला पाठ असेल. राजकारणात एक माणूस एक मत, एक मत एक मूल्य, आणि समाजात मात्र एक माणूस एक मूल्य हे नाकारलेलं, या विसंगतीबद्दल त्यांनी इशारा दिला. मला त्यातल्या 'माणूस' या शब्दाजवळ थांबायचं आहे. त्याच्या आधी विशेषण नाही. शिकलेला माणूस, कमावता माणूस, बोलणारा माणूस असं काही नाही. मतदानाचा हक्कही आपल्याकडे पहिल्या निवडणुकीपासून साक्षरतेची अट न घालता दिला गेला. अंगठा लावणाऱ्यांच्या देशात ही किती मोठी गोष्ट होती! ज्या तत्त्वावर आपल्या निरक्षर आज्याला मत मिळालं, त्याच तत्त्वात गोधडीवरचं ते पोरही येतं. त्यासाठी नवं तत्त्वज्ञान शोधायला नको, आपल्याकडचंच नीट वाचायला हवं.

नीट वाचायचं म्हटलं की अडचणीचं पानही वाचावं लागतं. 'जातिव्यवस्थेचं निर्मूलन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेब जातीच्या सुप्रजननवादी समर्थनाचा समाचार घेतात. जातीमुळे वंश शुद्ध राहतो, उत्तम संतती निपजते, असं तेव्हाचे विद्वान सांगत होते. त्यावर त्यांचा टोला असा, की मग या देशातली माणसं एवढी खुजी, दुबळी आणि सैन्यात घ्यायला अपात्र का? प्रतिपक्षाच्याच हत्याराने त्याला चीत केलंय. पण ते हत्यार दुबळ्या शरीराला कमी लेखणारं आहे, हेही खरं. त्या काळात जगभरचे पुरोगामी हीच भाषा बोलत होते. नव्वद वर्षांनी आपण ती तशीच वापरायची गरज नाही, एवढंच मी म्हणेन. बाबासाहेबांना वाचायला आपण त्यांच्याकडूनच शिकलो, चिकित्सेसकट.

दुसरा मुद्दा. कादंबरीत शॉनबद्दल सगळ्यात जास्त कोण बोलतं? बाप. टीव्हीवर, कवितेत, मुलाखतीत. त्याला भरवतं कोण, लंगोट कोण बदलतं, झटका आल्यावर डोकं आपटू नये म्हणून धरतं कोण? आई आणि बहीण. त्यांना याबद्दल फारसं बोलायचं नसतं, त्यांना वेळ नाही. वेदनेचं तत्त्वज्ञान करणारा आणि लाळ पुसणारी, ही वाटणी ट्रूमन यांनी अचूक पकडली आहे. सांगणारा शॉन असल्याने ती नकळत येते, हे विशेष.

या वाटणीबद्दल आपल्याकडे एक मोठा निकाल आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधल्या हल्ल्यानंतर त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून राहिल्या. पिंकी विराणी या लेखिका-पत्रकाराने त्यांच्या वतीने दयामरणाची मागणी सर्वोच्च न्यायालयात केली. ७ मार्च २०११ ला न्यायालयाने मागणी फेटाळली. या निकालामुळे भारतात विशिष्ट परिस्थितीत जीवनाधार काढून घेण्याला वाट मिळाली, म्हणून तो सगळीकडे सांगितला जातो. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा, यावर न्यायालय म्हणालं, की त्यांच्यावर पुस्तक लिहिणाऱ्याचा नाही, वर्षानुवर्षं त्यांना भरवणाऱ्या, पुसणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. आणि त्या परिचारिकांना अरुणा जगायला हव्या होत्या. मे २०१५ मध्ये अरुणा गेल्या, तोवर परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या होत्या. त्यातल्या बहुतेकींनी अरुणांना बोलताना कधी ऐकलेलंच नव्हतं.

पण रुग्णालयातल्या शुश्रूषेलाही उतरंड असते, हे आपल्यापैकी ज्यांच्या घरात कुणी सफाई कामगार किंवा 'मावशी' आहे त्यांना ठाऊक आहे. सलाइन लावणारा हात वेगळा, बेडपॅन उचलणारा वेगळा. दुसऱ्याच्या अंगाची घाण साफ करण्याचं काम या देशात जातीने वाटलं गेलं. अपंगत्वाच्या अभ्यासात हल्ली 'केअर' या शब्दाला फार मान आहे. त्यावरचे परिसंवाद मी ऐकलेत, मन लावून ऐकलेत. तिथे प्रेम असतं, परस्परावलंबन असतं, नीतिशास्त्र असतं. बेडपॅनची जात नसते.

आमच्या वस्तीतल्या एका बाईचं सांगते. मुलगा शॉनसारखाच, पण त्याच्या आजाराचं नाव तो दहा वर्षांचा होईपर्यंत घरात कुणाला माहीत नव्हतं. लहान होता तोवर ती त्याला कडेवर मारून खुरपायला जायची, बांधावर झाडाखाली झोपवायची. पोर वाढलं, कडेवर मावेना. मग म्हातारी सासू घरी राखायला. सासू गेली आणि तिची मजुरी बंद झाली. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तालुक्यातून जिल्ह्याला, तिथून 'आज डॉक्टर नाहीत' म्हणून परत. तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी अख्खी जीप ठरवून, कारण त्याला एसटीत बसवता येत नव्हतं. शॉनच्या बापासारखा विचार तिच्या मनात कधी आला असेल का? आला असेलही. पण तिला उशी घेऊन बसायला स्वतंत्र खोली नव्हती, आणि टीव्हीवर सहानुभूती मिळवून देणारी भाषाही नव्हती. तिचा प्रश्न उद्या खुरपायला जायचं की घरी राहायचं, हा होता. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला दीड हजार मिळायचे. २०२५ मध्ये अपंगांसाठी ते अडीच हजार झाले. खुरपणीच्या रोजाने गुणून बघा, आठवडा-दीड आठवड्याची मजुरी होते. महिन्याच्या बाकीच्या दिवसांचा हिशेब तिचा तिने लावायचा.

आणि हे गावाकडचंच आहे असं समजू नका. आपण राहतो तिथून दक्षिणेला पेरुंबाक्कम आहे. अड्यार आणि कूवम नद्यांच्या काठच्या झोपडपट्ट्या उठवून हजारो कुटुंबांना तिथल्या बहुमजली इमारतींत नेऊन ठेवलं. त्यात दलित कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. नदीकाठच्या खोपटात चार घरं सोडून मावशी होती, पलीकडे आत्या होती, घरकामाचं बंगलोर-मद्रासी घर चालत जाण्याच्या अंतरावर होतं. न चालणाऱ्या मुलाला सांभाळणं अशा शेजारावरच चालतं. सहाव्या मजल्यावर गेल्यावर शेजार तुटतो, आणि लिफ्ट बंद पडली की ते मूल घरातच कोंडलं जातं. याच शहरात मरीना किनाऱ्यावर २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अपंगांना समुद्रापर्यंत जाता यावं म्हणून लाकडी मार्ग झाला. अपंग कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरल्यानंतर. पंधरवड्यातच चक्रीवादळाने तो मोडला, सरकारने दुरुस्त केला. मी तिथे गेले आहे, व्हीलचेअरवरून समुद्र बघणाऱ्या माणसांचे चेहरे पाहिलेत. फार सुंदर गोष्ट आहे ती. पेरुंबाक्कमच्या सहाव्या मजल्यावरून मरीनापर्यंत कसं यायचं, ते मात्र कुणी बांधलेलं नाही.

मुलीचं काय होतं, हे सांगायला मला महाराष्ट्रात परत जावं लागेल. शॉन मुलगा आहे, म्हणून कादंबरीत हा विषय येतच नाही. फेब्रुवारी १९९४. पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी निवासी संस्थेतल्या मतिमंद मुलींना आणि तरुणींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढली गेली. कारण दिलं गेलं, की त्यांना पाळीची स्वच्छता ठेवता येत नाही. स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते धावले, ओरड झाली, पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. बाजू मांडणाऱ्यांत नामवंत डॉक्टर होते, चांगल्या हेतूने बोलणारे होते. त्यांच्या बोलण्यात एक भीती हळूच डोकवायची, ती म्हणजे बलात्कार झाला तर दिवस जातील. म्हणजे बलात्कार होईल हे गृहीत. गर्भाशय काढल्याने तो टळत नाही, फक्त उघडकीला येत नाही. संस्थेत पुरेशा बायका नेमा, पाणी द्या, पॅड द्या, त्या मुलींना हळूहळू शिकवा, हे सगळे खर्चाचे उपाय. शस्त्रक्रिया स्वस्त पडली. पंचवीस वर्षांनी बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांची बातमी आली तेव्हा मला शिरूर आठवलं. तिथेही पाळी ही कामात अडचण होती, आणि तिथेही शरीर दुरुस्त केलं गेलं, कामाची पद्धत नाही.

शिरूरच्या त्या मुलींपैकी कुणाच्या आत एखादी शॉन होती का? मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही. त्यांचं शरीर त्यांचं होतं, एवढं पुरे.

थोडं नावाबद्दल. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरून सुचवलं आणि 'विकलांग'चं 'दिव्यांग' झालं. २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला, पाटीवर तोच शब्द. इथे तमिळमध्ये सरकारी शब्द 'माट्रुत्तिरनाळी', वेगळी क्षमता असलेली व्यक्ती. तो करुणानिधींच्या काळात रुळला. तोही गुळगुळीतच आहे, पण निदान त्यात देव नाही. 'दिव्यांग' ऐकलं की आपल्याला 'हरिजन' आठवायला हवं. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात एका विधेयकात 'हरिजन' शब्द घातला गेला तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभागृहाबाहेर पडले होते. ज्याला नाव द्यायचं त्याला विचारायचं नाही, त्याला देवाशी जोडायचं आणि जमिनीवरचं काही बदलायचं नाही, ही रीत जुनी आहे. अपंग कार्यकर्त्यांनीही 'दिव्यांग'ला विरोध केला होता. त्यांच्या बाजूने तेव्हा आपल्या किती संघटना बोलल्या?

कायद्याचं लवकर उरकते, कारण त्यावर स्वतंत्र बैठक लागेल. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींमध्ये हे प्रमाण २.४५ टक्के. फरक किरकोळ दिसतो, पण तो कुपोषण, बाळंतपण, गटारं, खाणी, बांधकामं या सगळ्यांतून आलेला आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने एकवीस प्रकारची अपंगत्वं मान्य केली, उच्च शिक्षणात पाच टक्के आणि नोकऱ्यांत चार टक्के जागा ठेवल्या. २०२० मध्ये आर्यन राज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचं सांगितलं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका मुलाला चंडीगढच्या कला महाविद्यालयात चित्रकला शिकायची होती. चाचणीत किमान चाळीस टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना पस्तीस. न्यायालय म्हणालं, अपंगही सामाजिकदृष्ट्या मागासच आहेत, त्यांनाही पस्तीसच. चांगला निकाल. फक्त त्या तुलनेत दलित एका रांगेत आणि अपंग दुसऱ्या रांगेत उभे राहतात. जो दोन्ही आहे, तो कुठे? २०२१ च्या पटन जमाल वली खटल्यात हा प्रश्न न्यायालयासमोर आलाच. बलात्कार झालेली तरुणी जन्मांध होती आणि अनुसूचित जातीची होती. जात, लिंग आणि अपंगत्व एकत्र येतात तेव्हा अन्याय कसा वेगळाच होतो, यावर न्यायालयाने पानंच्या पानं लिहिली. ती वाचण्यासारखी आहेत. बलात्काराची जन्मठेप कायम ठेवली. आणि ॲट्रॉसिटी कायद्याखालची शिक्षा मात्र, जातीमुळेच गुन्हा घडल्याचा पुरावा नाही म्हणून, रद्द केली.

शेवटी पुस्तकांकडे येते, कारण आपण वाचायला जमलो आहोत. बोलता-चालता न येणाऱ्या मुलीने स्वतः लिहिलेलं वाचायचं असेल तर कादंबरीकडे जायची गरज नाही. मालिनी चिब यांचं 'वन लिटल फिंगर' २०१० मध्ये आलं. मुंबईत वाढलेल्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मालिनी करंगळीने एकेक अक्षर टंकत लिहितात. त्यांच्या आईने, मिठू अलूर यांनी, १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली, कारण मुलीला घ्यायला शाळा नव्हती. मराठीत नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' आहे. किशोरवयात कमरेखालचं अंग लुळं पडलं, आणि पुढे त्यांनी कोल्हापुरात अपंगांची मोठी संस्था उभी केली. मालिनींना इंग्लंडमधले उपचार आणि शिक्षण मिळालं, हे त्या स्वतः लपवत नाहीत. नसीमाताईंचं जग आपल्या जास्त जवळचं आहे, वसतिगृह, नोकरी, सरकारी कचेऱ्या. दोन्ही वाचा.

आपल्या घरातल्या शॉनचं पुस्तक माझ्या वाचनात आलेलं नाही. दलित आत्मकथनांत भूक आहे, शाळा आहे, आई आहे. घरातलं अपंग भावंड कुठे कुठे एका वाक्यात येतं आणि पुढच्या वाक्यात मरून जातं. लिहिणारा पळत होता, त्याला मागे वळून बघायला उसंत नव्हती, हे मी समजू शकते. आपल्याला थोडी उसंत मिळाली आहे.

आणि साधनं इथे शेजारीच आहेत. कोट्टुरपुरमला 'विद्यासागर' ही संस्था आहे, पूनम नटराजन यांनी १९८५ मध्ये सुरू केलेली. चित्रं-अक्षरांच्या फळ्यावर नजरेने किंवा बोटाने खूण करून बोलायला तिथे मुलांना शिकवतात. त्यांच्याबरोबर काम करता करता अजित नारायणन या आयआयटी मद्रासच्या माजी विद्यार्थ्याने 'आवाज' नावाचं बोलणारं यंत्र बनवलं, आता ते टॅबलेटवर चालतं. शॉनला हेही उपयोगी पडलं नसतं, त्याची नजरसुद्धा त्याच्या ताब्यात नाही. पण आपल्या तालुक्यातल्या दहांपैकी किती मुलांना ते उपयोगी पडेल, हे कुणी तपासलंय? गावाकडे शॉन समजून कोपऱ्यात ठेवलेली कितीतरी मुलं फळा मिळाला तर 'हो' आणि 'नाही' सांगू शकतील. 'नाही' म्हणता येणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते शिरूरवरून कळतं. ज्यांना तेही जमणार नाही, त्यांचं जेवण, औषध आणि सकाळचं ऊन चुकू नये.

पुढच्या बैठकीला एक काम घेऊन या. दिवाळीला गावी जाणार आहात. आपल्या वस्तीत असं एखादं मूल किंवा माणूस असेल, तर त्याच्या घरी जा. फोटो काढू नका. त्याचं नाव काय, त्याला भरवतं कोण, भरवणारी आजारी पडली तर कोण, दाखला निघालाय का, अनुदान मिळतं का, त्याला काय आवडतं, एवढं विचारा. शेवटचा प्रश्न विसरू नका. घरच्यांना तो सहसा कुणी विचारत नाही, आणि उत्तर त्यांना लगेच माहीत असतं.

तुमचे प्रश्न घेते. जय भीम.